चिवणीचं आमिष आणि मोरीमागची माती

"बाजारानची नको गो. गलाची चिवनी आन."

काल्हेरहून बाबांचा फोन. आजारपणानंतर त्यांनी पहिल्यांदाच काही खायला मागितलं होतं, त्यामुळे मी चिंचवडात तव्यावरची भाकरी तशीच ठेवून बॅग भरली. चिवणी म्हणजे आमच्या खाडीतला मिशांचा, बिनखवल्यांचा छोटा मासा. गळाची चिवणी घरी जिवंत येते, आणि आगरी जिभेला तो फरक बरोबर कळतो.

कल्याणला उतरून शेअर रिक्षा पकडा. दुर्गाडीचा पूल ओलांडला की कोन गाव. भाडं किरकोळ, ट्रॅफिक भयंकर. गोदामांचे ट्रक पुलावर ठाण मांडून असतात, भरती गाठायची तर लवकर निघा. माझी आत्या इथेच राहते, खाडीपासून चार पावलांवर; गळ टाकायला मी तिच्याकडेच उतरले.

पहिल्या दिवशी मी सगळी हुशारी आमिषावर खर्च केली. कोलंबी लावली, ती खेकड्यांनी मटकावली. कणकेचा गोळा पाण्यात विरघळला. तळाशी चरणाऱ्या माशाला उग्र वास लागतो, असं मोबाइलवर वाचून कोंबडीची आतडी लावली. गळ हललासुद्धा नाही.

"खेकड्यांना बारशाचं जेवन घातलंस का?" रिकामी बादली बघून आत्या म्हणाली.

मी रडकुंडीला आले होते. "बाबा मोरीमागची गांडुळं लावायचे गं. आता कुठून आणू ती?"

आमचं काल्हेरचं घर पाडून तिथे गोदाम झालंय, बाबा आता गावातल्याच एका टॉवरमध्ये राहतात. मोरीमागे, भांड्यांचं पाणी मुरायचं तिथे, बाबा कुदळ मारायचे आणि मी नारळाच्या करवंटीत गांडुळं गोळा करायचे. त्या घाणेरड्या, ओल्या वासासाठी त्या संध्याकाळी जीव अगदी तुटला माझा.

"अगो बाय, घर पाडलं तवा मी तिथली घमेलंभर माती आनली व्हती. केलीच्या बुडाला हाय. खन जा!"

सकाळी केळीखाली खणलं. तांबडी, चिवट, वळवळणारी! गांडूळ अख्खं ओवायचं, शेपटी मोकळी सोडायची आणि भरती चढताना गळ तळाला टेकवायचा. दुपारपर्यंत कालवणापुरत्या चिवण्या बादलीत होत्या. काढताना मात्र जपा, तिचा काटा लागला की आई आठवते.

रात्री काल्हेरला बाबांनी चिंचेच्या कालवणाचा पहिला घास घेतला. "काय लावलंवतास गलाला?"

"आपल्या मोरीची गांडुळं."

त्यांचा हात ताटातच थांबला. सातव्या मजल्याच्या खिडकीबाहेर नुसते गोदामांचे निळे पत्रे. "कंच्या बाजूला व्हती गो आपली मोरी?"

मी बोट दाखवायला गेले, पण मलाही सांगता येईना. मग त्यांनी आणखी भात मागितला आणि मी वाढत राहिले.

कोनहून निघतानाच आत्याने पिशवीत ती माती बांधून दिली होती. ती आता चिंचवडच्या गॅलरीत, कढीपत्त्याच्या कुंडीत आहे. इथे ना खाडी, ना चिवणी. पाणी घालताना एखादं गांडूळ वर येतं, मी त्याला पुन्हा मातीआड करते. बाबा हल्ली फोनवर माझ्याआधी गांडुळांची खुशाली विचारतात.

"हायत ना गो?"

"हायत, बाबा."