आहें म्हणणारा दिवा

कमलाक्षीअक्का आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. राजवाड्यामागच्या गल्लीत ती आणि तिचे वडील वरुणराव, दोघंच राहत. दारातून तिने "अप्पा?" अशी हाक मारली की आतून उत्तर येई, "आहें." 'आहे'चं हे जुनं रूप त्यांच्या घरात टिकलं होतं.

वरुणरावांचं हृदय कमजोर होतं, आणि फोन चार्ज करायचं ते हमखास विसरत. आपण कामावर असताना अप्पा ठीक आहेत ना, एवढंच अक्काला कळायला हवं होतं. म्हणून तिने त्यांच्या मनगटासाठी बिनबॅटरीचा पट्टा केला. आत सिलिकॉनच्या, केसाहून कितीतरी बारीक तारा. एका बाजूला अंगाची ऊब, दुसरीकडे हवा. त्या फरकातून जी चिमूटभर वीज निघे, तिच्यावर पट्टा घरच्या वायफायवरून इशारा पाठवी आणि आमच्या टेबलावरचा हिरवा दिवा लुकलुके. फरक जास्त, तर लुकलुक भराभर.

"बघ, अप्पा आहें म्हणाले," ती म्हणे.

सुरुवातीला दिवा फार अडखळे. गुळगुळीत तारांतून उष्णताही पलीकडे पळे आणि फरक मिटे. अक्काने तारा आम्लात जास्त वेळ ठेवून खडबडीत केल्या. आता उष्णता अडखळू लागली, वीज मात्र जात राहिली.

मग मे आला. हवा अंगाइतकी तापली आणि दिवा गप्प झाला. अक्का स्कूटीवरून घरी धावली. अप्पा दहीभात खात होते.

"काय गे, मेलो वाटलं? जेवण तरी होऊं दे, मग रड!"

त्यानंतर मेमधल्या गप्प दिव्याला आम्ही घाबरेनासे झालो.

एका सकाळी अक्का आली नाही. दिवा मंदावत मंदावत थांबला. मी लक्ष दिलं नाही. दुपारी तो एकदम पेटला. इतका भराभर तो कधीच लुकलुकला नव्हता. मी आनंदाने फोन लावला.

"अक्का, तुझ्या तारा जिंकल्या! अप्पा नुसते आहें आहें ओरडताहेत!"

पलीकडे कसल्या तरी यंत्राची घरघर. मग तिचा आवाज आला.

"प्रणवेश, अप्पा पहाटे गेले. भाऊ बेंगळुरूहून येईपर्यंत त्यांना शीतपेटीत ठेवलंय. पट्टा काढायचा राहिला."

दिवा समोर लुकलुकत होता. पेटीतली हवा बर्फासारखी, अंगात मात्र अजून थोडी ऊब.

"त्याला अप्पा कळत नाहीत रे," ती म्हणाली. "त्याला फक्त फरक कळतो."

अंग निवत गेलं तसा दिवा मंदावला. संध्याकाळी विझला.

काही दिवसांनी, पाऊस पडून हवा जरा गार झाली होती, तेव्हा टेबलावर हिरवा ठिपका उमटला. पुन्हा उमटला. सावकाश, पूर्वीसारखाच. मी लगेच फोन लावला. अक्का फोन उचलेना. मी तिच्या गल्लीत गेलो. दार नुसतं लोटलेलं, आत अंधार.

"अक्का?"

"आहें."

अप्पांच्या खुर्चीत ती बसली होती. पट्टा तिच्या मनगटावर होता.

"आता घरात मी एकटीच," ती म्हणाली. "तू बघत जा."

मे अजून संपलेला नाही, अक्का अजून कामावर आलेली नाही. दुपारी दिवा गप्प होतो, आणि मी स्कूटी काढतो.