पडद्याकडे पाठ

झाशीत मोबाइलवरच्या खेळांच्या बातम्या लिहिणारी मी एकटीच होते, म्हणून त्या दिवशी मॅरेज हॉलच्या पहिल्या रांगेत मला खुर्ची मिळाली. खुर्चीवर माझ्यासाठी एक पिशवी ठेवलेली होती. आत पॉवर बँक, बिस्किटांचा पुडा आणि एक टोपी. मी ती तशीच उचलून आयोजकाला परत दिली. आयोजक म्हणजे इलाइट चौराह्यावरच्या एका मोठ्या मोबाइल दुकानाचा मालक.

"अरे मैडम जी, टोपी तो रख लो. बाहर धूप है."

"फिर खबर में लिखना पड़ेगा कि टोपी मिली थी."

त्याने हसत पिशवी काखोटीला मारली. शेजारच्या छायाचित्रकाराने मात्र आपली पिशवी पायांखाली सरकवली.

मी अशीच वाढले. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. युनियनची पत्रकं आमच्या पडवीत यायची, आम्ही घड्या घालायचो आणि वडील ती सकाळच्या पाळीला फाटकावर वाटायचे. मी वाचायला शिकले ती त्याच पत्रकांवर. त्यामुळे कोणी काही फुकट दिलं, कोणी फार गोड बोललं, की माझं पहिलं लक्ष जातं ते यात कोणाचा फायदा आहे याकडे. आमचे संपादक वैतागून म्हणायचे, "तुम तो गेम का पन्ना भी सत्याग्रह बना दोगी." मी जिथं काम करायचे त्या हिंदी वर्तमानपत्रात नवे फोन, खेळ, ॲनिमे म्हणजे जपानी कार्टूनचे वेडे, आपल्या हातानं कॉम्प्युटर जोडणारी पोरं, असं सगळं माझ्या एका पानावर कोंबलेलं असायचं. त्या पानाला ऑफिसात सगळे 'बच्चों का पन्ना' म्हणत. जाहिराती मात्र त्याच पानाला सर्वांत जास्त मिळत. म्हणूनच मी जास्त सावध असायचे.

त्या दिवशी अंतिम सामना होता. गोळीबाराचा खेळ, एकास एक. एका पडक्या वस्तीत दोघांना सोडतात, जो दुसऱ्याला आधी टिपेल तो फेरी जिंकतो. स्टेजवर दोन टेबलं, दोन खेळाडू, तोंडं आमच्याकडे. त्यांच्या मागं भिंतभर पडदा. पडद्यावर दोघांचाही खेळ प्रेक्षकांना दिसत होता; खेळाडूंची मात्र पडद्याकडे पाठ होती. जिंकणारा लखनौच्या फेरीला जाणार होता.

एका टेबलावर बरुआसागरची एक मुलगी होती. कॉलेजात शिकणारी. वडिलांची आल्याची शेती, तेच तिला बसनं घेऊन आले होते आणि हॉलच्या दाराशी उभे होते, कोणी बसा म्हटलं तरी बसत नव्हते. दुसऱ्या टेबलावर बबीन्याच्या फौजी क्वार्टरमधला मुलगा. वडील सुभेदार, माणसं मूळची साताऱ्याकडची. त्याची आई मधल्या रांगेत, क्वार्टरमधल्या बायकांच्या घोळक्यात बसली होती. झाशीत कानावर मराठी पडली की आपोआप मान वळते, तशी माझी वळली होती. मग मी पुन्हा आयोजकाच्या माणसाकडे बघू लागले. तो स्टेजच्या कडेला लॅपटॉप घेऊन बसला होता आणि अधूनमधून त्या मुलाकडे बघत होता. मुलाचा फोन आयोजकाच्याच दुकानातून घेतलेला होता, हे मी आधीच विचारून घेतलं होतं.

शेवटच्या फेरीत ती मुलगी एका घरात शिरली, जिन्याखाली बसली आणि हललीच नाही. पावलाचा आवाज नाही, काही नाही. मुलगा दोन घरं सोडून होता. तो थांबला. मग सरळ त्याच घरात आला, वर न बघता, दुसऱ्या खोलीत न डोकावता, जिन्याखाली वळला आणि गोळी घातली.

हॉल ओरडला. मुलीनं कानातले इअरफोन काढले आणि उभी राहिली.

"इसको पता था. कैसे पता था?"

आयोजकानं स्टेजवरच मुलाचा फोन तपासला, माइकवर सगळ्यांना सांगून. चोरून दुसऱ्याची जागा दाखवणारं काहीही त्यात नव्हतं. मग त्याचा आवाज बदलला. "बेटा, हारना सीखो. झूठा इल्ज़ाम लगाया है, तो इतवार तक वीडियो बनाकर माफ़ी माँगो. नहीं तो हमारे किसी मुकाबले में एंट्री नहीं." शहरात असले सामने भरवणारा तोच एक होता. संध्याकाळपर्यंत त्याच्या इंटरनेटवरच्या पानावर तिचा तो प्रश्न विचारतानाचा व्हिडिओचा तुकडा चढला, खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

मी बरुआसागरला गेले. मुलगी अंगणात आलं निवडत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "कॉलेज में सब 'पता था, पता था' बोलके चिढ़ा रहे हैं. माफ़ी माँगूँ तो झूठी. न माँगूँ तो खेलना बंद."

"तुम्हें किस पर शक है?"

"मैं किसी का नाम नहीं ले रही. उसको पता था, बस."

तिचे वडील आतून लेकीची बाजू घेत बुंदेलीत म्हणाले, "हमाई मोड़ी झूठ नईं बोलत. हारबे पे रोई नईं आज तक."

माझा संशय आयोजकावर होता. मी त्याच्या लॅपटॉपवाल्याला गाठलं. तो म्हणाला, दीदी, मी फक्त पडदा चालवतो, मुलाकडे बघत होतो कारण त्याची एक वायर लोंबत होती. कुठली वायर? इअरफोनची. एका कानातला बाहेर होता ना. तक्रारीमुळे मुलाचा फोन अजून आयोजकाकडेच होता, तो मी तपासायला मागितला. आयोजकानं हरकत घेतली नाही, आणि हेच मला जास्त खटकलं. माझ्या ओळखीच्या कारागिरानं दुपारभर तो फोन उलटासुलटा केला आणि म्हणाला, साफ आहे. तरीही मी मानलं नाही. घरी वडिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मालक आहे म्हणून तो चोर, हे आधी ठरवून मग पुरावा शोधतेस काय?" मला राग आला. हे मला आजवर कोणी शिकवलं होतं?

त्यात संपादकांनी मला 'चैंपियन का एक दिन' लिहायला पाठवलं. मी निमूट गेले. त्या मुलाच्या घरात शिरायचं निमित्त मला हवंच होतं.

आईनं दारातच हात धरला. "ये गं, बाळा. इथं मराठी बोलणारी बातमीदार, म्हंजे कमालच की!" पोहे आले. मी बोलू लागले तशी ती हसायला लागली. "तू तर आमच्या पणजीसारखं बोलतेस की गं. कोण म्हणतं आता 'पडवी'?" झाशीत पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या घरांची मराठी तशीच थांबलेली आहे, त्याला मी काय करणार. मुलगा लाजाळू होता. प्रश्न विचारला की आईकडे बघायचा. मी हेही टिपून ठेवलं. तो कुठं सराव करतो, फोनमध्ये काय काय आहे, आयोजकाची ओळख कधीपासून, सगळं विचारलं. ओळख सामन्यापुरतीच होती.

त्यांना सदर बाज़ारात जायचं होतं. लखनौला जाण्याआधी चादरी घ्यायच्या होत्या. मीही ऑटोत बसले.

दुकानात आईनं एक निळी चादर पसरायला लावली. बोटांनी काठ चाचपला आणि दुकानदाराला म्हणाली, "रंग तो बहुत बढ़िया है, भैया." चेहऱ्यावर कौतुक. मग नजर चादरीवरच ठेवून, आवाजही न बदलता, मराठीत म्हणाली, "काठ उसवलाय, तू नको म्हण." दाराशी मोबाइल बघत उभ्या मुलानं मानही वर केली नाही. फक्त म्हणाला, "मम्मी, रहने दो ना, घर में इतनी तो पड़ी हैं." दुकानदारानं भाव उतरवला.

हे आमच्याकडे सगळेच करतात. माझी आई करते, मी करते. चारचौघांत हिंदीत स्तुती, मराठीत खरं मत, आणि बघायचं भलतीकडेच. ज्याला सांगायचं त्याच्याकडे तर बघायचंच नाही. लहानपणापासून मुलांना त्याची इतकी सवय होते की आईचा तो सपाट सूर हजार आवाजांतून कानात शिरतो.

मी चादरीच्या ढिगाशी उभी होते आणि हॉलमधला तो सूर मला ऐकू आला. मधल्या रांगेतला, तोच, न बदललेला. "बाई, ती तर जिन्याखाली बसलीय." तेव्हा मी तो ऐकला होता. प्रेक्षकांतली एक बाई शेजारणीशी बोलतेय, एवढंच मनात आलं होतं. माझं सगळं लक्ष लॅपटॉपवर होतं.

बाहेर रसाच्या गाड्यावर मी सरळच विचारलं.

"काकू, सामन्यात तुम्ही जिन्याखाली म्हणालात. कोणाला म्हणालात?"

"कधी?"

"शेवटच्या फेरीत."

"म्हणाले असेन. सगळेच ओरडत होते की."

"सगळे हिंदीत ओरडत होते, आणि कोण कुठं आहे ते सांगत नव्हते. तुम्ही शेजारणीला सांगत होता?"

तिनं ग्लास गाड्यावर ठेवला. "शेजारीण मध्य प्रदेशातली. तिला काय कळणार मराठी?"

हे बोलून झाल्यावर आपण काय बोलून गेलो ते तिला समजलं. मुलगा रस पीत नव्हता. त्याचे कान लाल झाले होते.

"तू एक कान उघडा का ठेवला होतास?" मी त्याला विचारलं.

"सवय आहे, ताई. घरी खेळतो तेव्हा आई हाक मारते."

"आणि त्या दिवशी?"

तो आईकडे बघणार होता, पण बघितलं नाही. "ऐकू आलं," तो म्हणाला. "ऐकू आल्यावर काय करणार होतो मी?"

"हात वर करायचा. फेरी थांबवायची."

"अगं, पोरगंच आहे ते!" आई उसळली. "आणि मी काय बंदूक चालवली? दोन शब्द बोलले माझ्या लेकाशी. तू आता हे छापणार? ह्या हिंदी पेपरात, आपल्या माणसांविरुद्ध? इथं आपण आहोत किती?"

"त्या मुलीला सगळे खोटारडी म्हणतायत, काकू."

"ती आपली कोण लागते?"

या प्रश्नावर मी बोलू शकले असते. पत्रकांतली सगळी वाक्यं जिभेवर आली होती. मी फक्त म्हणाले, "उद्या छापून येईल. तुमचं म्हणणंही जसंच्या तसं येईल." आणि ऑटो बघू लागले.

आयोजकाला मी छापण्याआधी सांगितलं. तो आधी मोठ्यानं हसला. मग त्याच्या लक्षात आलं की खेळाडूंच्या मागं पडदा त्यानंच लावला होता, आवाज अडवणारे हेडफोन त्यानंच दिले नव्हते, आणि मुलीनं माफी मागावी असं त्यानंच फर्मावलं होतं. तेही सगळं बातमीत होतं. संपादकांनी माझा शेवटचा परिच्छेद कापला, पण बाकीची बातमी ठेवली. आयोजकाच्या दुकानाची जाहिरात त्याच पानावर खाली होती. ती काढावी म्हणून मी भांडले आणि हरले.

इतवारी माफीचा व्हिडिओ आला नाही. त्याऐवजी आयोजकानं अंतिम सामना पुन्हा घेतला. पडदा बंद, दोन्ही कान झाकलेले, प्रेक्षकांना निकाल फक्त माइकवर. त्यानं मुलीचा तो तुकडाही पानावरून काढला. 'माफ़ी' हा शब्द मात्र स्वतःसाठी वापरला नाही. "ग़लतफ़हमी हो गई थी" म्हणाला.

मी या वेळी मागं, भिंतीला टेकून उभी होते, जिथून मधली रांग दिसते. माझा अजूनही कोणावर विश्वास नव्हता. मुलाच्या आईनं पदर तोंडाशी धरला होता आणि ती काळ्या पडद्याकडे बघत होती. एकदाही ओठ हलले नाहीत. हॉलमध्ये दोन अंगठ्यांची टपटप सोडून काही नव्हतं. माइकवर फेऱ्या जाहीर होत गेल्या, एक त्याची, एक तिची, पुन्हा एक तिची, मग त्याच्या दोन.

मुलगा जिंकला.

मुलगी उठली, टेबलावरून वाकून तिनं त्याच्याशी हात मिळवला. माझ्याजवळून जाताना थांबली. "आख़िरी में मैं छत पे चली गई. ग़लती मेरी थी." तिनं हे इतक्या सहज सांगितलं की मला काही विचारायचं उरलं नाही. दाराशी तिच्या वडिलांनी तिच्या खांद्यावरची बॅग स्वतः घेतली आणि आयोजकाला मोठ्यानं विचारलं, "अगलो मुकाबलो कब है?" आयोजकानं महिना सांगितला. तिचं नाव त्याच वेळी लिहून घेतलं गेलं.

मुलाची आई पायऱ्यांवर होती. मी तिच्यापाशी गेले, अभिनंदन म्हणाले, मराठीत. तिनं माझ्याकडे नीट बघितलं.

"हो गया आपका, मैडम जी? देख लिया?" ती म्हणाली. "अब यह भी छाप दीजिएगा."

"छापणार आहे, काकू."

शेजारी मुलगा ट्रॉफी घेऊन उभा होता. तिनं त्याला चल म्हटलं, तेही हिंदीत, माझ्यासमोर. मी ऑफिसात जाऊन बातमी लिहिली. तो जिंकला, नीट खेळून जिंकला, असं पहिल्याच ओळीत लिहिलं. त्यानंतर बबीन्याच्या क्वार्टरमधल्या कोणी मला घरी बोलावलं नाही.