नरेशदादाने न पाहिलेला हात

चेंडू माझ्या हाताला लागला होता.

एवढंच आहे. पण हे एवढंसं वाक्य मी कित्येक वर्षं बायकोला सांगितलं नाही, सख्ख्या भावाला सांगितलं नाही, गावदेवीपुढे हात जोडून उभा राहिलो तेव्हाही मनातल्या मनात त्याला वळसा घालून पुढे गेलो. आज तुम्हाला सांगतोय. तुम्ही कोण, मला ठाऊक नाही — कदाचित म्हणूनच जमतंय.

आधी एक कबूल करतो. मी दुःखी माणूस नाही. अंजूरला आमचं घर आहे, खाडीकडून वारा येतो, भाताच्या जमिनीवर आता गाळे उभे आहेत, मुलगी शिकून नोकरीला लागली. संध्याकाळी ओट्यावर चहा घेऊन बसतो तेव्हा मला खरंच बरं वाटतं. आणि त्या सगळ्या वर्षांतही बरंच वाटत होतं — हे सांगायची जास्त लाज वाटते. मनात असलं काही दडवून ठेवलेल्या माणसाला झोप लागू नये ना? मला लागायची. छान लागायची. कुणाच्या हळदीला नाहीतर होळीला नरेशदादा ती गोष्ट काढायचा, तेवढ्यापुरता घास अडकायचा. मग घोटभर पाणी, आणि पुढचा घास.

नरेशदादा माझा चुलतभाऊ. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. तरुणपणी टेम्पो चालवायचा, भिवंडीतल्या पॉवरलूमवरून कापडाचे तागे उचलायचा. तिथेच त्याला सलीमभाई भेटला. सलीमभाई लूमवर जॉबर — म्हणजे बिघडलेली लूम चालू करून देणारा मिस्त्री. फुटबॉलचं वेड त्याचं. आमच्या गावात तोवर फक्त क्रिकेट. सलीमभाईने नरेशदादाला नादी लावलं, दादाने आम्हाला. लूम शुक्रवारी बंद असते, म्हणून आमची प्रॅक्टिसही शुक्रवारी. पुढे सलीमभाईचा गुडघा गेला, खेळणं सुटलं, तर तो शिट्टी घेऊन मैदानात उभा राहायला लागला. त्या दोघांना वेगवेगळं बघितल्याचं मला फारसं आठवत नाही. टेम्पोच्या केबिनमध्ये दादाच्या शेजारची जागा सलीमभाईची. तिथे वहिनीसुद्धा बसायच्या नाहीत.

सलीमभाईने आम्हाला एक सवय लावली होती. प्रॅक्टिसला रेफरी नसायचा. ज्याच्याकडून फाउल होईल त्याने स्वतःच हात वर करायचा, खेळ थांबवायचा. कोणी बघितलं असो वा नसो. पहिल्या महिन्यात आम्ही हसायचो. नंतर ते अंगात इतकं मुरलं की बाहेरच्या मॅचमध्येही आमचा माणूस आपणहून हात वर करायचा आणि समोरचे चक्रावून बघत राहायचे. दादाला याचा केवढा अभिमान! ‘अंजूरची पोरं हरतील, पन खोटं खेलनार न्हाईत,’ असं तो कुणालाही ऐकवायचा.

हे मी का सांगतोय ते कळलंच असेल तुम्हाला.

आमच्याकडे फुटबॉलचं कायमचं मैदान नव्हतं. गोडाऊनसाठी जमीन मुरूम टाकून भरतात, दाबतात, आणि बांधकाम सुरू होईपर्यंत ती तशीच सपाट पडून राहते. ज्या वर्षी असा जो प्लॉट मोकळा असेल, तिथे स्पर्धा. मी सांगतोय त्या वर्षी तो वळ गावात होता. लाल मुरूम, त्यावर पांढऱ्या फक्कीच्या रेघा. फायनलला आम्ही आणि टेमघरची टीम. दादाचं ते खेळायचं शेवटचं वर्ष. चाळिशी उलटली होती, आणि तो कप त्याने कधीच उचलला नव्हता. मी बॅकला खेळायचो. माझ्याहून बरा खेळणारा एक मुलगा बाहेर बसला होता. दादाने मला घेतलं, कारण — भाऊ म्हणून घेतलं, असं पोरं बोलायची. मला ते ऐकू यायचं.

टेमघरवाले सुरुवातीलाच कुरकुरले. रेफरी नरेशचा दोस्त आहे, हे कसं चालेल? दादा त्यांच्याकडे गेला आणि हसत म्हणाला, ‘अरे, सलीम माज्या बापाला सोडायचा न्हाय, माजं काय घेऊन बसलाव!’ सगळे हसले. सलीमभाई हसला नाही. त्याने फक्त मान हलवली. आज वाटतं, त्याच्या डोक्यावर केवढं ओझं ठेवलं होतं त्या एका वाक्याने.

बरोबरी होती. थोडा वेळ उरला होता. टेमघरच्या पोराने चेंडू आत टाकला. मध्यंतरात नव्याने मारलेल्या फक्कीच्या जाड रेघेवर त्याचा टप्पा पडला आणि तो उसळला. माझ्या मागे त्यांचा माणूस मोकळा होता. मी पाय घालायला उशीर केला होता. आणि माझा हात —

हात आपोआप गेला का? पुष्कळ वर्षं मी स्वतःला तसंच सांगितलं. नाही. मी तो घातला. कोपरापासून बोटांपर्यंत चेंडू घासून गेला.

शिट्टी वाजली. सलीमभाई त्याच्या लंगड्या चालीने थेट पेनल्टीच्या खुणेकडे गेला.

आमची पोरं त्याच्यावर धावली. दादा धावला नाही. तो सावकाश माझ्याकडे आला, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, ‘महेन, लागला काय रं हाताला? खरा सांग.’

मी म्हटलं, ‘न्हाय दादा. छातीला लागला.’

झालं. एवढाच वेळ लागतो. मी उजव्या हाताकडे बघितलं तर कोपराखाली फक्कीचा पांढरा फटका उमटला होता. आमची अंगं लालेलाल, आणि त्यावर ती चुन्यासारखी पांढरी रेघ. मी हात मागे घेतला.

दादा वळला. त्याचा चेहराच बदलला होता. सलीमभाईला म्हणाला, ‘ते बोलले तू आमचा हायस, म्हनून आमचाच गला कापलास? तुजं नाव साफ रायला पायजे, न्हाय का?’

सलीमभाई शांतपणे म्हणाला, ‘नरेश, एक बार उसका हाथ देख ले. बस, एक बार.’

मला वाटलं संपलं. दादा वळेल, माझा हात धरेल, वर करेल. खरं सांगू? क्षणभर मला तसं व्हावंसंही वाटलं.

‘तो बोलला न्हाय, म्हंजे न्हाय,’ दादा म्हणाला. ‘माज्या पोराचा हात मी तपासनार न्हाय. आमची पोरं हात वर करतात. तूच शिकवलंस ना?’

सलीमभाईने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वाट बघितल्यासारखं. लूम दुरुस्त करून चालू केल्यावर ती नीट चालते का, हे बघत उभा राहायचा ना, तसं. मी खाली मुरमाकडे बघत राहिलो.

दादाने टीम बाहेर काढली. पेनल्टी मारलीच गेली नाही. कप टेमघरला गेला, पण त्यांनाही तो नीट उचलता आला नाही — जिंकल्यासारखं वाटणार तरी कसं? त्यांचा कॅप्टन हात मिळवायला आला. दादाने हात दिला नाही. त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा असं केलं, आणि माझ्या शब्दावर केलं. आमच्यातल्या कुणीतरी सलीमभाईच्या अंगावर पाण्याची पिशवी फेकून मारली. गर्दीतून एकजण त्याच्या जातीधर्मावर जे बोलला ते मी इथे लिहिणार नाही. मी काही फेकलं नाही, काही बोललो नाही. तेव्हा मला ते चांगुलपणासारखं वाटलं होतं.

परतताना सलीमभाई टेम्पोत आला नाही. गुडघा ओढत नाक्याकडे रिक्षा शोधायला गेला. दादाने केबिनचं दार उघडलं आणि मला हाक मारली, ‘ये महेन, तू पुढं बस.’

मी बसलो. त्याच्या जागेवर. उजवा हात काखेत दाबून.

आता तुम्ही म्हणाल, तरणं रक्त, घाबरला असशील, मॅचच ती. पण याहून वाईट पुढे आहे. काही वर्षांनी दादाच्या मुलीचं लग्न निघालं. ओट्यावर पत्रिकांचा गठ्ठा घेऊन दादा बसला होता. एक पत्रिका त्याने बाजूला काढली, हातात फिरवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘सलीमला देऊ काय रं? पोरीला कडेवर घेऊन फिरायचा तो.’

तिथे कोणी नव्हतं. कप नव्हता, टीम नव्हती, टोमणे मारणारं कोणी नव्हतं. मी फक्त ‘दे’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं; खरं सांगायचीही गरज नव्हती. पण सलीमभाई मांडवात आला असता, दोघं बोलले असते, आणि बोलता बोलता माझ्या हाताचा विषय निघाला असता. मी म्हटलं, ‘बघ बाबा, तुला पटंल तसं. त्याने तुला सोडला होता काय तवा?’

दादाने पत्रिका पुन्हा गठ्ठ्यात सरकवली.

मैदानावर मी एकदा खोटं बोललो. ओट्यावर मी विचार करून बोललो. यातलं मोठं कुठलं, ते मला विचारू नका — मला माहीत आहे.

मागच्या वर्षी दादाचा गुडघा बदलला. मी रोज संध्याकाळी बसायला जायचो. एकदा पायाला बर्फाची पिशवी लावून पडला होता, आणि एकदम हसायला लागला. ‘सलीमचा गुडघा गेला ना, तवा मी रोज त्याला उचलून टेम्पोत बसवायचो. शिव्या घालायचा मला — अबे, दुल्हन है क्या मैं!’ मग हसू थांबलं. छताकडे बघत म्हणाला, ‘मानूस चांगला होता रं. एका शिट्टीपायी घालवला त्यानं सगला.’

त्यानं.

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. चेंडू, फक्की, हात, पत्रिका, सगळं उलटसुलट. वहिनी मध्येच चहा ठेवून गेल्या. दादाने बर्फाची पिशवी पायावरून काढून बाजूला ठेवली. मग स्वतःशीच म्हणाला, ‘काय काय बोललो रं मी त्याला… सगल्यांच्या पुढं.’ माझ्याबद्दल एक शब्द नाही. चहा निवला तेव्हा कुठे माझ्याकडे बघून म्हणाला, ‘तुजा राग मला सावकाश येल. आदी सलीमकडं जा.’

राग आला. सावकाश, पण आला. मला आता तो महेन म्हणत नाही, पूर्ण ‘महेंद्र’ म्हणतो. ते माझ्या हिशोबात बरोबरच आहे. शुक्रवारी सलीमभाई रिक्षाने अंजूरला येतो. दोन म्हातारे आपापल्या गुडघ्यांना शिव्या देत दादाच्या ओट्यावर बसतात, मोबाइलवर मॅच लावून रेफरीच्या चुका काढतात. मला बोलावत नाहीत. मधे फक्त एक कुंपण आहे. मी माझ्या ओट्यावरून त्यांचं हसणं ऐकतो. खोटं कशाला बोलू, त्या आवाजाने माझा शुक्रवार भरून जातो.

पण माफी कशी मागितली ते राहिलं.

दादाकडून निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. रिक्षात मी शब्द जुळवत होतो — हळू, नम्र, एकांतात बोलायचे शब्द. सलीमभाई अजून त्याच लूमवर आहे. कारागीर त्याला चाचा म्हणतात. मी आत शिरलो तेव्हा एक सोडून सगळ्या लूम चालू होत्या, पायाखालची जमीन थरथरत होती. त्या बंद लूममध्ये तो खांद्यापर्यंत हात घालून काहीतरी कसत होता. मला बघितलं, ओळखलं. मी बाहेर चला अशी खूण केली. त्याने दोन्ही हात अडकलेले दाखवले आणि ओरडला, ‘इधरच बोल!’

मी जवळ जाऊन हळूच बोललो. तो ओरडला, ‘क्या?’ मी आवाज चढवला. त्याने मान हलवली, ऐकू येत नव्हतं. ‘जोर से बोल, महेन! मशीन चालू है!’ शेजारचे दोन कारागीर आमच्याकडे बघायला लागले होते. जुळवलेले शब्द कुठल्या कुठे गेले. मी छाती भरून श्वास घेतला आणि त्या सगळ्यांच्या देखत, जमेल तेवढ्या मोठ्याने ओरडलो:

‘सलीमभाई, बॉल मेरे हाथ को लगा था! मैंने जानबूझ के हाथ डाला था! आपने बराबर दिया था, मैं दादा से झूठ बोला! शादी में भी आपको मैंने नहीं आने दिया! गलती मेरी थी, पूरी मेरी! मुझे माफ करो!’