बाबांनी रोज दिलेला चार्ज

बाबांचं तेरावं झालं, पाहुणे पांगले आणि सोनागिरीच्या घरात आई नि मी दोघीच उरलो. सकाळी पोहे खाता खाता आई म्हणाली, "त्यांचे शेवटच्या दिवसांतले रिपोर्ट लाव ना. आवाज ऐकू दे."

रिपोर्ट हा बाबांचा शब्द. जन्मभर कारखान्यात शिफ्ट केलेला माणूस. पुढच्याला मशीनचं सगळं सांगून चार्ज दिल्याशिवाय गेटबाहेर पडायचे नाहीत. त्याने सही केली की मात्र पाटी पुसायची, पुन्हा विषय काढायचा नाही. निवृत्त झाल्यावर ते मला, बंगळुरूला, घराचा चार्ज देऊ लागले. टाकी भरली, आईची बीपीची गोळी झाली, गोविंदपुऱ्याच्या कारखान्यांकडून धूर येतोय, असं संध्याकाळी फोनवर रेकॉर्ड करायचं, फोन लॅपटॉपला जोडून एक बटण दाबायचं. मी लिहिलेला छोटा प्रोग्राम ती फाइल क्लाउडवर चढवायचा.

ताटली सारून मी बाबांचा लॅपटॉप उघडला. पहिलीच एरर: परवानगी नाही. प्रोग्रामला दिलेल्या पासवर्डची मुदत संपलेली. नवा घेतला. आता यादी आली, पण होळीपाशी थांबलेली. पुढचे अडीच महिने कोरे. मी नावं तपासली, जागा तपासली, क्लाउडशी बोलणाऱ्या, दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार लायब्ररीला मनसोक्त शिव्या घातल्या. चूक आपली असेल असं मला सहसा वाटत नाही.

शेवटी स्वतःचाच कोड वाचला आणि चूक सापडली. होळीच्या सुमाराला बाबांचा फोन आला होता, "बेटा, लाल अक्षरं येऊन राहिली, बघ ना जरा." मी मीटिंगमध्ये होते. चिडले. "बाबा, दर वेळी काय घाबरता हो!" त्याच दुपारी मी बंगळुरूहूनच घाईघाईत प्रोग्राम बदलला: एरर आली तर दाखवायची नाही, गिळून टाकायची, आणि काहीही होवो, शेवटी 'झालं' असं लिहायचं. पासवर्डची मुदत संपली, एवढंच ती लाल अक्षरं सांगत होती.

प्रोग्रामने ठेवलेली नोंद उघडली. रोज संध्याकाळी सात वाजता एक ओळ. झालं. झालं. झालं. बाबांच्या फोनमध्ये शोधलं, तिथे काहीच नव्हतं. 'झालं' ही माझी सही समजून ते रोज आपली फाइल पुसत होते.

शेजारच्या खोलीत बाबा बोलताहेत आणि मीच दार लावून घेतलंय, असं वाटायला लागलं. मी खरंच उठून त्या खोलीत डोकावले. मला भीती वाटत होती. आणि होळीच्या आधीचे रिपोर्ट तरी मी कुठे ऐकले होते? त्यांनी विचारलं की "ऐकते ना बाबा," म्हणायचे.

"मिळालं?" आईने विचारलं.

"शोधतेय."

ती खुर्ची ओढून शेजारी बसली. "पाहुण्यांसमोर विचारलं नाही तुला. शेवटी शेवटी त्यांच्या छातीत दुखायचं. मी रोज मागे लागायची, डॉक्टरकडे चला. तर म्हणायचे, लेकीला रिपोर्टमध्ये सांगितलंय, ती म्हणेल तेव्हा जाऊ. खरंच सांगत होते ना तुला? की मला गप्प बसवायला थाप मारायचे?"

बाबा आईशी खोटं बोलले, असं माझ्या तोंडून निघेना.

"सांगत होते," मी म्हटलं.

आईने सुटकेचा निःश्वास टाकला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मग तू काय म्हणालीस?"