पडद्यामागून गाणारी ताई

गाणं बसवणाऱ्या सरांनी ताईच्या हातातली कार्यक्रमाची मोतिया साडी काढून घेतली आणि एका वकिलाच्या मुलीला दिली. ताईला म्हणाले, "तू पडद्यामागे उभी राहा. माइक देतो. समोर जरा उजळ चेहरे लागतात."

अमरावतीतली ती तालमीची खोली. बाकीच्या आपापल्या साड्या अंगाला लावून बघत राहिल्या.

आमचा गायनवृंद तेव्हा गणपतीच्या मंडपात गायचा. खालचा सूर ताईचा. बुद्धविहारातल्या वंदनेत तयार झालेला. बाकी सगळे त्याच्या आधारानं गात. पुढे तिकिटं लागली, मानधन मिळू लागलं, नागपूर-पुण्याहून बोलावणी आली. ताई पडद्यामागेच.

तिथून तिला सरांचा इशाऱ्याचा हात दिसत नसे. मी तिच्याहून जरा उजळ, म्हणून शेवटच्या रांगेत, पडद्याला लागून. ती पडद्यातून माझ्या पाठीवर तळवा टेकवायची. मी श्वास घेतला, की ती सूर लावायची. घरी येताना एकदाच म्हणाली, "माहा आवाज लोकायले चालते, मंग मीच कावून चालत नाई?"

मागच्या पावसाळ्यात ताई तापानं गेली.

त्यानंतरचा पहिला कार्यक्रम अकोल्यात. मी श्वास घेतला. पाठीवर काही नव्हतं. तरी ताईचा सूर आला. स्पीकरमधून. सरांनी जुनं रेकॉर्डिंग लावलं होतं, आम्हाला न सांगता. मी गायचं थांबले. बाकीचे गात राहिले. माझी मेलेली बहीण त्यांना सांभाळत राहिली.

मध्यंतरात मी म्हटलं, तिचं नाव तरी जाहीर करा. सर रुमालानं मान पुसत हसले.

"गेलेल्याचं नाव घेऊन लोकांना सुतकात बसवू का? तू नुसते ओठ हलव."

"नाव नाई घेत, तं तिचा आवाज बी बंद करा."

"तो काढला तर गाणं उभंच राहणार नाही," ते बोलून गेले.

ती जिवंत असताना हे कधी म्हणाले नव्हते.

मध्यंतरानंतर समोरचा पडदा उघडला तेव्हा मी रांगेत नव्हते. निवेदकाच्या माइकसमोर होते. सांगितलं, "खालचा आवाज माझ्या बहिणीचा आहे. तिचं नाव शोभा. ती आता नाही. होती तेव्हा तिला इथं उभं राहू दिलं नाही." तेवढ्यात कुणीतरी माइक बंद केला.

मला वृंदातून काढलं. सूर अजून वाजतो, निनावी. मी तिकीट काढून जाते. मध्यंतर झालं, की उभी राहते, नाव सांगते. हात धरून बाहेर काढतात. पुढच्या महिन्यात अचलपूरला कार्यक्रम आहे. एसटीनं जाईन. तिचा आवाज वाजेल तिथं तिचं नाव घेतलं जाईल. त्यांनी घेतलं नाही, तर मी घेईन.