गड्याची पूजा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. नगरजवळच्या कारखान्यात वेल्डिंगच्या रोबोटवर इंजिनिअर म्हणून लागलो, तेव्हा आईने अख्ख्या वस्तीत पेढे वाटले. त्याचा ताठा मला होता. आजही आहे.

रोबोटवर ऑपरेटर होते राहुरीकडचे एक मामा. अर्धं आयुष्य त्यांनी हातानं वेल्डिंग केलेलं. रोबोटच्या त्या लोखंडी हाताला ते ‘गडी’ म्हणायचे. पाळी सुटली की त्याच्या भोवतीच्या जाळीवर थाप मारून, "येतो रे," म्हणायचे.

"मामा, गड्याला पोरगी बघा आता," पोरं चिडवायची.

"बघितली आस्ती. पन रोज ग्रीसचा सैपाक कोन करनार?"

खंडेनवमीला मशीनची पूजा असायची. आम्ही बौद्ध. मी पूजेला थांबत नाही, आणि ते लपवतही नाही. त्या सकाळी मामा ताट घेऊन आले.

"साहेब, गडी चालू ठिवून आत जायचंय. बंद पडलेल्याला काय ववाळायचं? जीव हाय त्यालाच ववाळत्यात."

जाळीचं दार उघडलं की रोबोट आपोआप थांबतो. दार उघडं असूनही तो चालू ठेवायची एक चावी असते, ती माझ्याकडे होती. मी ती मामांच्या हातात दिली. "पूजा तुमची, तुम्हीच बघा," म्हणालो आणि चहाला निघून गेलो.

मामांनी नारळाचं ताट नेमकं वेल्डिंगचा तुकडा ठेवतात तिथंच ठेवलं. सेन्सरला वाटलं, काम आलं. रोबोट खाली आला. मामांचा उजवा हात अजून ताटावरच होता.

मनगटापासून हात गेला. दवाखान्यात भेटायला गेलो तर पहिला प्रश्न, "गड्याला काढलं तर न्हाई ना?"

"नाही, मामा."

"त्याचं काय चुकलं न्हाई. त्याला नारळ काय ठावा." मग दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "चावी मीच टेबलावरनं उचलली, आसं मोठ्या साहेबांना सांगितलंय. तुमची नवी नोकरी हाय."

मी "बरं" म्हणालो. एवढंच.

चौकशीचा कागद मलाच लिहायला दिला. ‘ऑपरेटरने परवानगीशिवाय चावी घेतली.’ सही केली. मामांना कामावरून कमी केलं. रोबोट तिसऱ्या दिवशी सुरू झाला. बटण मीच दाबलं.