हिराच्या शब्दावर दिलेली पोरं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गऱ्या बांधणं. दुपारी ओट्यावर बसलो होतो. मी दोरीला गरी बांधत होतो, हिरा वर शिशाचा तुकडा दाबून बसवत होती. तोही दातांनी. दात राहिले होते किती, पण सांगून ऐकणारी बाई नव्हती. गऱ्या तलासरीच्या पोरांसाठी होत्या. तिकडच्या एका पाड्यावरच्या तरुण मंडळाची पोरं-पोरी आमच्या झाईच्या किनाऱ्यावर मासे गरवायला येणार, हा तिचा बेत.

हिरा माझी बायको. सुकट-बोंबील घेऊन जन्मभर तलासरीच्या बाजारात बसली. भाव गुजरातीत सांगायची, भांडायची मराठीत. बाजार उठला की पाड्यावर कुणाकडे तरी चहाला जायची. कुणाच्या पोरीला स्थळ आलं, कुणाची म्हैस व्याली, सगळं मला जेवताना सांगायची. मी ऐकायचो कमी, जेवायचो जास्त.

गेल्या वर्षी त्या पाड्यावरचा एक मुलगा मित्रांबरोबर समुद्रावर गेला. ओहोटीच्या पाण्याने ओढून नेला, परत आला नाही. मग आयांनी घरात समुद्राचं नावच बंद केलं. हिरा त्या मुलाच्या आईला भेटून आली. दोन दिवसांनी म्हणाली, "बसने जाता येईल एवढ्यावर समुद्र आहे. पोरं जाणारच, चोरून जातील. त्यापेक्षा आपण बोलावू." मग बाजाराच्या दिवशी एकेका घरी गेली. पाण्यात मी उभी राहते, माझ्यापुढे कुणी जाणार नाही, असं सांगून तिने आयांकडून पोरं मागून घेतली.

मी म्हटलं, जेट्टीवर ने. पाय सोडून बसतील, चार शिंगाळे मासे काढतील, घरी जातील. लाटांत कशाला?

"जेट्टीवर मासा कळेल. पाणी कधी कळणार?"

तिचं सगळं ठरलेलं. दिवस अष्टमीचा, कारण तेव्हा भांग, म्हणजे भरती-ओहोटी लहान, पाण्याला ओढ कमी. आधी किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभं राहून गरी टाकायची, लाट पायाखालची वाळू कशी काढते ते बघायचं. भरती चढली की जेट्टीवर.

मी चिडून म्हटलं, "एखादा बुडाला तर अख्खा पाडा आपल्या दारात येईल."

"येऊ दे. मी दारातच बसलेली असते."

वर मला म्हणाली, तुम्ही पाण्यात उतरू नका. शिंगाळ्याचा विषारी काटा लागला तर शेकायला गरम पाणी लागतं, ते घेऊन जेट्टीवर बसा. जन्म होडीवर काढलेल्या माणसाला ही बाई पातेलं राखायला बसवत होती. मी तिच्याशी रात्री जेवेपर्यंत बोललो नाही. आता वाटतं, बोलायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना तिच्या छातीत कळ आली. डहाणूला नेईपर्यंत संपलं. त्या दिवशी आमच्या आळीतली एकही होडी सुटली नाही. सुतक फिटेपर्यंत आमच्या घरात मासळीला आणि गरीला हात लावायचा नाही, ही आमची रीत. ती अष्टमी तशीच गेली.

तेराव्याला कल्पना नावाची मुलगी आली. ती पाड्यावरच्या अंगणवाडीत असते, मंडळाचं तीच बघते. जेवणं झाल्यावर माझ्याजवळ बसली. म्हणाली, बाबा, वाईट वाटून घेऊ नका, पण आयांनी पोरं हिरामावशीच्या शब्दावर दिली होती. आता नाही म्हणतात. जेट्टीवरसुद्धा नको म्हणतात.

माझा भाऊ म्हणाला, वर्षश्राद्ध होऊ दे, मग बघू. भांगाचं पाणी पुन्हा चार दिवसांवर आलं होतं. त्यानंतर उधाण, आणि मग पावसाळा. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र कुणाचा नाही. तोवर ती पोरं काय थांबणार होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी तलासरीची बस धरली. हिरा एवढी वर्षं त्या बसने गेली, मी एकदाही गेलो नव्हतो. पाड्याची वाट विचारत गेलो. कल्पना भेटली, तिला म्हटलं, बुडालेल्या मुलाचं घर आधी दाखव. त्याची धाकटी बहीण मंडळात होती आणि हिराला सगळ्यात आधी हो म्हणाली होती ती त्यांचीच आई.

बाई अंगण सारवत होती. हात धुऊन आली, पाणी दिलं. मावशी मला फुकट सुकट द्यायची आणि वर ओरडायची, एवढं म्हणाली. मग तिनेच विचारलं.

"मावशी पाण्यात उभी राहणार होती. आता कोण?"

"मी. पोरगी माझ्यापुढे जाणार नाही."

तिने माझ्याकडे खालीवर बघितलं. "वय झालंय तुमचं, बाबा."

"झालंय. म्हणून तर लांब जात नाही."

ती हसली नाही. मग घरात तोंड करून पोरीला हाक मारली. पोरगी दारात येऊन उभी राहिली. मी तिला अष्टमीला किती वाजता बसस्टँडवर यायचं ते सांगितलं आणि पुढच्या घराकडे गेलो.